दहा वाजताचा कौल

वरची वाडी, ९ एप्रिल

भागू,

आशीर्वाद आहेच, तो दर वेळी कागदावर उतरवायला हवा असं नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर तू नसतोस, सुनील असतो. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, आक्का." सात वर्षं तू एकाच मीटिंगमध्ये बसला आहेस. म्हणून पत्र लिहिते. पाकिटावर 'खासगी' लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तरी सुनीलनेच उघडलं असेल तर सुनील, बाबा, वाचून झाल्यावर साहेबांच्या हातात दे.

काल सुनील आला होता. गाडी खाली आहुप्याच्या रस्त्यावर लावून चढ चालत आला. शर्ट पाठीला चिकटला होता. पाणी दिलं, तर आधी कागद काढला आणि मग पाणी प्यायला. "आक्का, इथं फक्त सही. अंगठा दिला तरी चालेल."

ठमाबाई शेजारीच नाचणी पाखडत बसली होती. ती म्हणाली, "अंगठा पायजे तर माझा घे, राव. हिच्या नादी लागू नको. ही लई वाचती. तुझा दिस हितंच मावळंल."

मी तीनदा वाचला. सुनील माझ्याकडे बघतच राहिला. त्याला कुणी सांगितलं नसेल की तू आश्रमशाळेतून सुटीला आलास की चुलीपुढच्या राखेत बोटाने अक्षरं काढायचास आणि मी ती गिरवून, हात फिरवून पुसून टाकायचे. पुढे किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, मग शाळेतली पुस्तकं. मला वाचायला तूच शिकवलंस, आणि आता तुझाच माणूस माझ्याकडे अंगठा मागतो.

कागदात असं आहे. 'डोंगरातून डिझेल' या राष्ट्रीय मोहिमेत वरच्या वाडीच्या लोकांनी आपल्या मालकीतले हिरडे स्वखुशीने तोडले आणि त्या जागी डिझेलसाठी मोगली एरंड लावला. कुणी जबरदस्ती केली नाही. गावाने रूढीप्रमाणे वरसूबाईला कौल लावला, देवीने उजवा कौल दिला, आणि तो मी, ठकूबाई, पुजाऱ्याच्या घरची लेक, समोर उभी राहून पाहिला.

पाच जूनला दिल्लीची समिती घोडेगावात बसणार आहे म्हणे. तुझी मोहीम का बुडाली ते विचारायला. सुनील म्हणाला, "साहेबांचं सगळं तुमच्या सहीवर अडलंय."

सही झाली तर अहवालात काय जाईल ते मला कळतं. एरंड सडला, हिरडे गेले, आणि दोष कुणाचा, तर ज्यांनी आपल्या देवाला विचारून झाडं तोडली त्यांचा. म्हणजे वाडीचा. म्हणजे तुझ्या दाजींचा.

कौल उजवा पडला हे खरं आहे. मी पाहिला हेही खरं. तरी सही झाली नाही. सुनीलला सांगितलं, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवरच होता. तो भला मुलगा आहे. कागद ठेवून गेला.

तुझी,
आक्का


वरची वाडी, २२ एप्रिल

भागू,

आज अंगणात बसून हात बघत होते. पांढरे आहेत.

तुला आठवतं का, या दिवसांत वाडीत एकाचेही हात पांढरे नसायचे. बाळहिरडा वेचून वेचून बोटं काळी व्हायची, राख लावा, लिंबू चोळा, जायची नाहीत. नव्या नवरीचेसुद्धा काळेच. खालचे लोक बाजारात आपल्याला हातांवरून ओळखायचे. परवा ठमाबाई पाणवठ्यावर म्हणाली, "ठके, आता आपुन शेरातल्या बायांवानी दिसतो. हात बघून कुनी मामलेदारीण समजंल." आम्ही दोघी हसलो. मग तिने हंडा उचलला आणि चालायला लागली. तिचा धाकटा चाकणला गेला आहे, कारखान्यात. दिवाळीलाही आला नाही.

आज तुझ्या दाजींना जाऊन पाच वर्षं झाली. तू आला नव्हतास तेव्हा. तुझा हार आला होता, सुनीलबरोबर. कसे गेले ते तुला कुणीतरी सांगितलं असेल, पण मी सांगितलेलं नाही. म्हणून सांगते.

आमचे बेचाळीस हिरडे होते. कुणी लावले ते ठाऊक नाही, आजेसासऱ्यांनीही ते मोठेच पाहिलेले. कौलानंतर बारा दिवसांत एकेचाळीस पडले. मोगली एरंड लावला. त्याला कोरडा माळ लागतो आणि आमच्याकडे चार महिने दगडावरही शेवाळ धरतं. पहिल्याच वर्षी मुळं कुजली. उरली ती झाडं उंच झाली, बी धरलं नाही. जे चार बी धरलं ते शाळेतल्या पोरांनी शेंगदाणे समजून खाल्लं आणि सहा पोरं उलट्या करत डिंभ्याच्या दवाखान्यात गेली. वाचली. तुझ्या मोहिमेच्या पुस्तकात एरंडाचं चित्र होतं, तेलाचं चित्र होतं, आमच्या पावसाबद्दल एक ओळ नव्हती. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधली होती.

बेचाळिसावं झाड राहिलं, कारण ते कड्यावर आहे. तिथे करवत घेऊन उभं राहता येत नाही. त्याला सगळे वानरांचं झाड म्हणतात. त्याचं फळ माणसाने काढायचं नाही, वानरांना ठेवायचं, हे आपल्याकडे न सांगता सगळ्यांना माहीत.

दुसऱ्या वर्षी चैत्रात तुझे दाजी रोज सकाळी उठून अंगणाकडे बघायचे. या दिवसांत अंगणात हिरडा वाळत असायचा, पाय ठेवायला जागा नसायची, आणि आता नुसतं सारवण. एक दिवस म्हणाले, "दोन पोती तरी घरचं हिरडं वाळाय पायजे. रिकामं आंगन बघवत न्हाई मला." मी म्हटलं, वानरांच्या झाडावर जाऊ नका. म्हणाले, "वानरं बी गेली. कुनासाठी ठिवायचं?"

मी खाली गोणपाट पसरून बसले होते. वरून फळं पडत होती. मग पडायची थांबली.

त्यांना दरीतून वर आणलं तेव्हा हात काळे होते, बोटांच्या पेरांपर्यंत. मी धुतले नाहीत.

ते कौलाला दोष देत नव्हते, भागू. एकदाही नाही. म्हणायचे, देवीनं सांगितलं, आपुन क्येलं, आता तिला काय करायचं ते ती करंल. मी तेव्हा चुलीकडे बघत बसायचे. मी तर तिथे हातात पान घेऊन उभी होते.

असो. ऊन फार आहे. तिकडे उसाचा रस पिताना बर्फ घालू देऊ नकोस, तुझा घसा लहानपणापासून हलका.

आक्का


वरची वाडी, ६ मे

भागू,

तुझं उत्तर आलं. टाईप केलेलं आहे. 'आदरणीय श्रीमती ठकूबाई यांस' अशी सुरुवात आहे. मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं आलं. शेवटी मोहिमेची बोधखूण आणि त्याच्याखाली पेनाने एक ओळ: 'आक्का, हट्ट करू नकोस. भागू.' तेवढी ओळ कापून मी पोथीत ठेवली आहे. बाकीच्या कागदावर मिरच्या वाळत घातल्या आहेत.

तू टाईप करून विचारतोस की मला नेमकी अडचण काय. सांगते. पानाची अडचण आहे.

मागच्या पत्रात पानाचा शब्द लिहून गेले आणि पुढे काही लिहिलं नाही. तू विचारशील असं वाटलं होतं. विचारलं नाहीस. एक तर तू तिथपर्यंत वाचलं नाहीस, किंवा वाचून गप्प बसलास.

बाबा कौल कसा लावायचे ते तुझ्या-माझ्याशिवाय आता कुणी सांगणारं नाही. म्हणून पुरं लिहिते, सुनील वाचत असेल तर त्यालाही कळू दे. देवराईत वरसूबाईचा तांदळा आहे, नुसता शेंदराचा दगड. त्याच्या दोन खांद्यांवर तांदळाचा एकेक ओला दाणा चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. देवीचं तोंड उत्तरेला आहे. उजवा खांदा उगवतीला येतो. राई एवढी दाट की आत दिवसाही अंधारल्यासारखं, पण पूर्वेला जांभळाचं एक खोड कधीकाळी पडलं आणि तिथे फट झाली. ऊन चढलं की त्या फटीतून कवडसा येतो, आणि येतो तो सरळ देवीच्या उजव्या खांद्यावर.

उन्हात ओला दाणा किती वेळ टिकतो?

म्हणून बाबा सूर्य वर यायच्या आत कौल लावायचे. कधी गाऱ्हाणं लांबलं, कुणाचं भांडण मिटेना आणि उशीर झाला, तर मला हाक मारायचे. मी कुंभ्याचं थाळीएवढं पान घेऊन फटीकडे उभी राहायचे आणि देवीवर सावली धरायचे. हात भरून यायचे. तू बाबांच्या मांडीवर बसून दाणे मोजायचास. बाबा म्हणायचे, "आदी देवीला सावली द्या, मंग इचारा. दहा वाजता देवी कुनालाबी हो म्हनती."

हे तू ऐकलं आहेस. किती वर्षांचा होतास? सहा? सात?

तू कौल दहा वाजता ठेवलास. टीव्हीवाले पुण्याहून यायचे होते, त्यांना तीच वेळ सोयीची. बाकी गाव रूढीप्रमाणे दगडी उंबऱ्याबाहेर उभा. आत तू, मी आणि कॅमेरे. मी सवयीने पान घेऊन आले होते. सावली धरली. तू म्हणालास, "आक्का, पान जरा बाजूला घे, देवी दिसत नाही."

मी घेतलं.

सात वर्षं मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले. भागू तीस वर्षं बाहेर राहिला, कॉलेज, पुणे, मुंबई, दिल्ली, तो विसरला असेल. लहान होता. त्याला कॅमेऱ्यात देवी दिसायला हवी होती, बाकी त्याच्या मनात काही नसेल. चूक माझी, मला आठवत होतं. दोघांच्या पापापेक्षा एकटीचं पाप बरं, निदान भाऊ तरी स्वच्छ राहतो.

मला एवढंच लिही. तुला आठवत होतं की नाही? टाईप करू नकोस. हाताने लिही. एक शब्द चालेल. 'नाही' लिहिलंस तर मी त्याच दिवशी सही करून पाठवते.

आक्का


पिंपळवंडी, १८ मे

भागू,

वाट बघून आदेशकडे आले. तुझा भाचा इथे टोमॅटोच्या शेडवर मुकादम आहे. दोन खोल्या आहेत, पंखा आहे, नळाला पाणी येतं. सूनबाई चांगली आहे. मला काही करू देत नाही, म्हणून कंटाळा येतो.

आदेश तुझं नाव घेत नाही. घरात टीव्हीवर तू दिसलास की उठून हातपाय धुवायला जातो. एकदा मी म्हटलं, मामा आहे तुझा. म्हणाला, "आये, मामाचा काय दोष? मामानं तर देवाला इचारलं. दोष देवाचा हाय. म्हनून मी वाडीला येत न्हाई." पाच वर्षांत तो राईत पाय ठेवायला तयार नाही. बापाला देवीने मारलं असं त्याच्या मनाने घेतलं आहे. मी ऐकून घेते. एका शब्दात त्याचा देव मी त्याला परत देऊ शकते आणि देत नाही, अशी मी त्याची आई आहे.

परवा नात, श्रेया, मोबाईल घेऊन आली. "आजी, तू व्हिडिओत आहेस, माहितीये? वीस लाख लोकांनी बघितलंय तुला." मी तो कधी पाहिला नव्हता. वाडीत बोलण्यापुरती रेंज येते, व्हिडिओ चालत नाही, आणि चालला असता तरी मी मागितला नसता. तू तो देशभर दाखवलास हे पेपरात वाचलं होतं. प्रत्येक सभेत आधी आमची वाडी, आमची देवी, आमचा कौल, मग तुझं भाषण: 'माझ्या आदिवासी बांधवांनी देवाला विचारलं, आता तुम्ही कुणाला विचारणार?' ते ऐकून दुसऱ्या डोंगरांतल्या लोकांनीही आपापली मोहाची, चारोळीची झाडं तोडली. तेही वाचलं होतं.

श्रेयाने मोबाईल माझ्या हातात धरून ठेवला. मी दिसले. किती काळी आणि ताठ. हातात पान. तू पांढऱ्या सदऱ्यात, गुडघ्यावर. दोन्ही दाणे चिकटवलेस. बाबांसारखंच, अंगठ्याने.

आणि मग तू वर बघितलंस.

मी श्रेयाला म्हटलं, मागं ने. तिने नेलं. पुन्हा म्हटलं, मागं ने. ती म्हणाली, "आजी, काय बघती तू सारखं?"

तू मान वर केलीस. कपाळाला आडवा हात धरलास. जांभळाच्या फटीकडे बघितलंस, डोळे बारीक करून, बाबा सूर्य किती वर आला ते बघायचे तसंच. मग खाली देवीच्या उजव्या खांद्याकडे बघितलंस. मग माझ्या पानाकडे. आणि मग म्हणालास, "आक्का, पान जरा बाजूला घे."

वीस लाख लोकांनी बघितलं आणि कुणाला काही दिसलं नाही. कसं दिसणार?

श्रेयाला वाटलं मला ऊन लागलं. तिने कांदा फोडून आणला. चांगली पोर आहे.

तुझ्या उत्तराची आता गरज नाही.

आक्का


वरची वाडी, २९ मे

भागू,

सुनील पुन्हा येऊन गेला. या वेळी पाणी आधी प्यायला. म्हणाला, "आक्का, साहेबांनी निरोप दिलाय, बाबांची शप्पत घातलीय." मी विचारलं, शपथ तोंडी घातली की टाईप करून? त्याने बिनसहीचा कागद उचलून पिशवीत ठेवला. जाताना पाया पडला. सही मिळाली नाही.

तुझ्याबद्दल मी सगळं लिहिलं. माझं अर्धंच लिहिलं. आज बाकीचं लिहिते, कारण पाच तारखेला घोडेगावात तेच सांगणार आहे, आणि तुला ते तिथे पहिल्यांदा ऐकायला लागू नये.

कौलाच्या दिवशी पहाटे मी एकटी राईत गेले होते. तांदळा धुवायचा होता. धुतला, शेंदूर लावला. सूर्य यायला वेळ होता. ताटात तांदूळ होते. मी दोन दाणे ओले करून चिकटवले आणि विचारलं, झाडं तोडायची का? बाईमाणसाने कौल लावायचा नसतो, पण राईत कुणी नव्हतं.

डावा पडला.

पुन्हा लावला. पुन्हा डावा.

तिसऱ्यांदा लावला नाही. दाणे मुंग्यांना टाकले, ताट पदराने पुसलं आणि घरी येऊन भाकरी थापायला बसले. तू येणार होतास. किती वर्षांनी येणार होतास. नऊ वाजता गाड्या आल्या, तू सगळ्यांना बाहेर ठेवून आत आलास, चुलीपुढे पाटावर बसलास आणि म्हणालास, "आक्का, तुझ्या हातची भाकर दिल्लीत कुठं?" अडीच भाकरी खाल्ल्यास. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. म्हणालास, "आज देशानं आपली वाडी बघायची. बाबा असते तर." मी त्या वेळी बोलायला हवं होतं. डावा पडलाय, भागू, एवढंच. तोंडापर्यंत आलं होतं. पण तू पाटावर बसला होतास, लहान असताना बसायचास तसा, एक गुडघा वर घेऊन, आणि मला वाटलं, हा उठून गेला तर परत येणार नाही.

तू तसाही आला नाहीस.

दुपारी तुझे दाजी कुऱ्हाडीला धार लावत होते. थांबले. म्हणाले, "अगं, आमी तर भायेर व्हतो. तू जवळ व्हतीस. कौल खरा हाय ना?"

त्यांनी तुला विचारलं नाही. टीव्हीवाल्यांना विचारलं नाही. मला विचारलं.

मी म्हटलं, "खरा."

ते उठले. पहिल्या हिरड्याच्या खोडाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि कुऱ्हाड उचलली.

भागू, तू देशाला फसवलंस की नाही ते समिती बघेल. मी एका माणसाला फसवलं. त्याला माझ्याशिवाय कुणाची साक्ष लागत नव्हती.

पाच तारखेला मी सकाळच्या एसटीने खाली जाणार आहे. ठमाबाईही येणार आहे, तिला वाटतं मी तुझ्या बाजूने बोलायला जाते आहे. निघाल्यापासून टोमणे मारील. मारू दे. परत येताना ती माझ्याशी बोलेल की नाही, ते माहीत नाही.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मला तुझ्यासमोर बोलायला जड जाईल. पण आलास तरी बोलणार आहे.

आक्का


वरची वाडी, ७ जून

भागू,

तू आलास. दुसऱ्या रांगेत बसलास. केस किती पांढरे झालेत तुझे. व्हिडिओत काळे होते.

आधी तू बोललास. चांगलं बोलतोस, नेहमीच बोलायचास. आमच्या देवीबद्दल बोललास तेव्हा मागे बसलेल्या दोन बायांनी हात जोडले. "निर्णय लोकांचा होता, श्रद्धा लोकांची होती," असं म्हणालास. मग माझं नाव पुकारलं. सुनील बिनसहीचा कागद घेऊन भिंतीशी उभा होता.

समितीतल्या बाई मराठी होत्या. त्या विचारायच्या आणि पांढऱ्या केसांच्या साहेबांना हिंदीत सांगायच्या. मी माझ्यापासून सुरुवात केली. पहाटेचे दोन डावे कौल सांगितले. दाजींचा प्रश्न सांगितला, माझं उत्तर सांगितलं. मागे कुजबूज झाली. मला मागे बघवलं नाही. मग फट, ऊन आणि पान सांगितलं. साहेबांना कळेना. म्हणाले, तांदूळ सुकण्याचा आणि राष्ट्रीय मोहिमेचा संबंध काय? बाईंनी त्यांना पुन्हा समजावलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

मग बाईंनी विचारलं, "ठकूबाई, ऊन लागलं की उजवा दाणा आधी पडतो, हे भागूजीसाहेबांना ठाऊक होतं का?"

तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. अगदी त्याच नजरेने. 'आक्का, पान जरा बाजूला घे.' मला वाटलं आत्ता बोलशील. एवढासा होतास तेव्हापासून त्या नजरेला मी नाही म्हटलेलं नाही. दुधाचा वाटा दिला, शाळेत पाठवायला माझ्या पायातले वाळे दिले, आणि शेवटी ते पान बाजूला घेतलं.

हात भरून आले होते, बाबांच्या वेळी यायचे तसे. नुसतेच मांडीवर ठेवलेले, तरी.

मी म्हटलं, "हो. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वर बघितलं होतं."

बाईंनी तो व्हिडिओ मागवला. सगळ्यांनी बघितला. तू बघितला नाहीस. तू उठून बाहेर गेलास. दारात थांबशील असं मला वाटलं. थांबला नाहीस.

परत येताना एसटीत ठमाबाई माझ्या शेजारी बसली नाही. पुढे, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. वर चढ लागला तेव्हा मान न वळवता म्हणाली, "सात वर्सं माझ्या चुलीम्होरं बसून च्या पिलीस, ठके." एवढंच. तिचे तीस हिरडे होते. दोन दिवस झाले, तिच्या दारात पाखडायला ती बसत नाही, आत बसते. सुपाचा आवाज येतो.

आदेशला बातमी तिकडेच कळली. काल आला. माझ्याशी बोलला नाही. पण चपला काढून राईत गेला आणि बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. भाकरी खाल्ली आणि शेवटच्या एसटीने गेला. मला एवढं पुरे आहे. पुरे आहे असं म्हणायला शिकते आहे.

आज सकाळी कड्यावर गेले होते. वानरांचं झाड आहे तसंच आहे. यंदा फळ भरपूर धरलं होतं, ते जून होऊन खाली पडलं आहे, दरीत, कुणी वेचत नाही. मी खोडाला टेकून बसले. तुझ्या दाजींनी मला ज्या शब्दांत विचारलं होतं, त्याच शब्दांत त्यांना उत्तर दिलं. मोठ्याने दिलं, म्हणजे पुन्हा फिरवता येणार नाही. म्हटलं, कौल खरा नव्हता.

वारा होता, बाकी काही नाही.

समितीचा अहवाल काय येईल ते मला माहीत नाही. पेपरात येईल तेव्हा वाचीन. तुझं पद जाईल असं श्रेया फोनवर म्हणाली. गेलं तर तुझ्या दारातल्या गाड्या कमी होतील. सुनीलही जाईल कदाचित. मग पत्र तूच उघडशील.

बाबांच्या मागे पूजा तुझी आहे. मी नुसती तांदळा धुते, शेंदूर लावते, ते माझं काम नव्हे. कधी यावंसं वाटलं तर ये. भाकरी मिळेल. कौल लावायचा असेल तर तोही लाव, मी पान धरीन, अजून धरता येतं.

पण सूर्य वर यायच्या आत ये.

आक्का